पिंपळनेरची पेटी, धुळ्याची पेटी

माझं नाव निंबा. जळगावात चाळीस वर्षं झाली, रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. करतो म्हणजे करत होतो. आता दुकानात मोबाइलची कव्हरंच जास्त. लोक येतात, मुठीएवढा डबा पुढे करतात आणि विचारतात, "काका, याचा बेस वाढेल का?" माझं डोकं फिरतं. अरे, बेस म्हणजे काय मीठ आहे, वरून भुरभुरायला? पण ते जाऊ द्या. मला भिकमचंदबद्दल सांगायचं आहे. सांगायचं अशासाठी, की जेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं तेव्हा मी मिठाची गुळणी धरून बसलो.

भिकमचंद एका डाळमिलमध्ये पारखी होता. मारवाडी माणूस म्हटला की लोकांना लगेच गादी आणि तक्क्या दिसतो. याच्याकडे दोन खोल्या, पुढे ओटा आणि एक सायकल. मी मुद्दाम त्याला शेठ म्हणायचो आणि तो चिडायचा. दिवसभर तुरीच्या डाळीचं सॅम्पल तळहातावर घ्यायचं, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली धरायचा आणि सांगायचं की माल कुठला, किती ओला, किती चांगला. हे काम त्याने जन्मभर केलं. अशा माणसाला नाद कशाचा असावा, तर जुन्या विलायती स्पीकरचा! आणि त्या नादात त्याची बायको, चंदनबाई, त्याच्या दोन पावलं पुढे. मी त्यांना भाभी म्हणायचो.

मिलच्या सुटीच्या दिवशी आम्ही तिघं एसटीने निघायचो. कुठे कुणाच्या बंगल्यात, कुठे बंद पडलेल्या क्लबात स्पीकरची जुनी पेटी आहे असं कानावर यायचा अवकाश. भुसावळ झालं, मुक्ताईनगर झालं, धुळ्याला तर किती वेळा गेलो. भाभींच्या पिशवीत दशम्या, लोणचं आणि एक कॅसेट. माझ्या पिशवीत मीटर आणि पाने. भिकमचंदच्या खिशात डाळ.

हो, डाळ. त्याची स्पीकर पारखायची रीत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. पेटी उताणी झोपवायची, जाळी काढायची, मधल्या भोकात रुमालाचा बोळा कोंबायचा आणि स्पीकरच्या कागदावर चिमूटभर तुरीची डाळ टाकायची. मग मी खर्जाचा सूर सोडायचा. दाणे मधल्या गोलाभोवती सगळीकडून सारखे नाचले तर माल खरा. एका अंगाला गोळा झाले तर आतली कॉइल वाकडी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "शेठ, स्पीकर आहे हा, चाळणी नाही!" पण मीटर लावून बघितलं तर दर वेळी डाळ बरोबर निघायची. विकणारे हसायचे, शेजारीपाजारी गोळा व्हायचे, कुणीतरी चहा आणायचं. हे सगळं होईपर्यंत भाभी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभ्या. शेवटचा शब्द त्यांचा. "नाही, यात बाईचा आवाज नाकातून येतो," असं म्हणाल्या की आम्ही पेटी उभी करायची, डाळ वेचायची आणि निघायचं. परतीच्या एसटीत दोघं नवराबायको त्या न घेतलेल्या पेटीवर असे भांडायचे, की कंडक्टर वळून बघायचा. अहो, ते दिवस काय होते म्हणून सांगू!

अशी नऊ वर्षं हिंडल्यावर धुळ्याच्या झुलालचा निरोप आला. झुलाल जुन्या सामानाचा धंदा करायचा. म्हणाला, विलायतेहून परत आलेले एक डॉक्टर वारले, त्यांच्याकडे टॅनॉय कंपनीची विलायती पेटी आहे, पंधरा इंची. आम्ही पोचलो तर बैठकीत पेटी एकच. मी विचारलं, दुसरी कुठे? डॉक्टरांचा मोठा मुलगा शांतपणे म्हणाला, "वाटणीत धाकट्याकडे गेली." दोघा भावांनी ताटं, खुर्च्या, कपाटं, सगळं निम्मं-निम्मं केलं होतं आणि स्पीकरच्या जोडीतली एक-एक पेटी घेतली होती! धाकटा पिंपळनेरला कांदा लावत होता आणि दोघांत बोलचाल बंद. "तुम्ही एकेकटी पेटी घेऊन करता तरी काय?" मी जरा जोरातच विचारलं. तो म्हणाला, "हक्काची आहे. असू दे."

भिकमचंद हिरमुसला. एक घेऊन काय करायचं? भाभी मात्र पदर खोचून म्हणाल्या, "घ्या. एक घरात आली की दुसरीला यावंच लागेल."

पुढच्या सुटीला पिंपळनेर. धाकट्याच्या घरी ओसरीत पेटी होती आणि तिच्यावर पाण्याचा माठ. घरातली बाई म्हणाली, "हाई खोकं? यावर मी माठ ठेवस. लई जा, पण माठले दुसरं कायतरी आनी द्या." भिकमचंद बाजारात पळत गेला आणि लोखंडी तिवई घेऊन आला. माठाखालून पेटी काढली तर वर लाकडावर पांढरं गोल वर्तुळ उमटलेलं. डाळ टाकली, दाणे असे गोल फिरले, की भिकमचंद उकिडवा बसून बघतच राहिला. भाभींनी डोळे उघडले. नुसती होकाराची मान हलवली.

ती पेटी कांद्याच्या टेम्पोतून जळगावला आली. महिनाभर बेसमधून कांद्याचा वास येतो असं मी म्हणायचो. मी वर्तुळ घासून पॉलिश करतो म्हटलं तर भाभी माझ्यावर डाफरल्या, "राहू द्या. पिंपळनेरची ओळख आहे ती." तेव्हापासून त्या घरात एक धुळ्याची पेटी आणि एक पिंपळनेरची. जोडी लावली त्या संध्याकाळी मी टेप जोडला, माईक भाभींच्या हातात दिला आणि म्हटलं, आता तुमच्याच आवाजात तपासू. भाभी जैन स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, स्तवनं म्हणायच्या, गळा गोड होता. भिकमचंद घाबरून ओट्यावर येरझारा घालत होता, बिघडलं काही तर बघवणार नाही म्हणून. भाभी आधी काहीबाही बोलल्या, मग हा आत येऊन बसला, तेव्हा कुठे त्यांनी स्तवन म्हटलं. कॅसेटवर मी तारीख घातली, २००४ सालची, आणि दुकानात ठेवून दिली.

पुढची अठरा वर्षं रोज संध्याकाळी दोघं त्या पेट्यांसमोर बसायचे. तो मिलमधून यायचा, हातपाय धुवायचा, चौविहार असायचा म्हणून दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि मग गाणी. लेक चेलना लग्न होऊन धुळ्याला गेली, तरी संध्याकाळचं बसणं चुकलं नाही.

दोन हजार बावीसच्या श्रावणात भाभींच्या दोन्ही किडन्या बसल्या. आयसीयूत डॉक्टर म्हणाले, चेलनाला बोलावून घ्या. भिकमचंद दवाखान्यातून उठला आणि थेट स्थानकात गेला. चातुर्मासासाठी महासतीजी, म्हणजे त्यांच्या साध्वी, तिथे होत्या. त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाला, गाणंबजावणं ऐकण्याचा त्याग द्या, जन्मभराचा. महासतीजींनी विचारलं, "हे कशाच्या बदल्यात मागता का? बदल्यात असेल तर घेऊ नका. त्याग हा सौदा नसतो." हा म्हणाला, बदल्यात नाही. खोटं बोलला. तिसऱ्या दिवशी भाभींनी डोळे उघडले.

हे त्याने मला दुकानात येऊन सांगितलं आणि वर शब्द घेतला की चंदनला कळता कामा नये. मी म्हटलं, "अहो, पण का? बाईला कळू तर द्या, नवऱ्याने काय केलं ते."

तेव्हा तो बोलला ते मी विसरणार नाही. म्हणाला, "मला टायफॉइड झाला होता, तेव्हा तिने गोडाचा त्याग घेतला. तेवीस वर्षं झाली निंबा. दिवाळीला सगळे लाडू खातात आणि ती वाढते. एकदाही माझ्या घशाखाली लाडू सुखाने उतरला नाही. माझ्यासाठी कुणी काही सोडलंय, हे रोज ताटात बघायचं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. तिला मी ते देणार नाही."

मी शब्द दिला. काय करणार?

भाभी घरी आल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, उरलेले दिवस पलंगावर. संध्याकाळी त्या म्हणायच्या, लावा ना. भिकमचंद उठायचा, कॅसेट घालायचा, आवाज त्यांना पाहिजे तेवढा ठेवायचा, उशी सारखी करायचा आणि पहिला सूर यायच्या आत बाहेर पडायचा. ओट्यावर नाही, तिथेही ऐकू येतं म्हणून पार गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीजवळ. गिरणी चालू असली की त्याला बरं वाटायचं. कॅसेटची एक बाजू संपायच्या वेळी परत. मी कधी गेलो तर भाभींजवळ बसायचो आणि मला ते गाणं नकोसं व्हायचं. अठरा वर्षांची त्याची खुर्ची समोर रिकामी.

दोन वर्षं हे चाललं. दोन हजार चोवीसच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी गेलो तेव्हा गाणं वाजत होतं आणि हा गिरणीकडे गेलेला. भाभींनी मला खुणेने टेप बंद करायला सांगितलं. पार वाळल्या होत्या, हातावर सुयांच्या गाठी.

"निंबाभाऊ, खरं सांगा. पेटी वाजली की हे का जातात?"

 म्हटलं, "मला काय माहीत भाभी. मिलच्या घरघरीने कान किटत असतील."

"तुमच्याशी तरी बोलत असतील काही. माझ्याजवळ बसणं नकोसं झालं का त्यांना? अशी दिसते मी म्हणून?"

"छे छे, काहीतरीच काय!" एवढंच मी म्हटलं. एवढंच. एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते बाहेर पडतं तर त्या बाईचा जीव निवला असता. पण मी दिलेला शब्द धरून बसलो. शब्द पाळतो म्हणून मनात थोडी फुशारकीही होती, खोटं कशाला बोलू?

त्यांनी पेट्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पेट्या तुमच्या दुकानी घेऊन जा. गाणं नको मला. हे बसले पाहिजेत. त्यांना सांगा, मला आवाज सहन होत नाही."

दुसऱ्या दिवशी तो मिलमध्ये असताना मी टेम्पो आणला आणि दोन्ही पेट्या नेल्या. भिंतीवर दोन चौकोन तेवढे उरले, बाकीच्या रंगापेक्षा उजळ. भिकमचंद संध्याकाळी दुकानात आला. पेट्यांकडे बघून विचारलं, "तिलाच नको झाल्या?" मी मान हलवली, म्हटलं, त्यांना आवाज सहन होत नाही. तो तसाच घरी गेला.

आणि त्या दिवसापासून तो तिच्याजवळ बसायला लागला. वाजत काही नव्हतं, मग जायचं कशाला? दोघं बोलत काय होते म्हणता? पेट्यांच्याच गोष्टी! भुसावळचा तो साहेब आठवतो का, ज्याच्या पेटीतून उंदीर निघाला? मुक्ताईनगरला शेवटची एसटी चुकली आणि देवळाच्या पायरीवर बसून दशम्या खाल्ल्या. पिंपळनेरच्या बाईने माठातलं पाणी पाजलं, किती गार होतं. मी जायचो तेव्हा दोघांची तीच खरेदी पुन्हा पुन्हा चाललेली, कधी भांडण, कधी हसणं. मी स्वतःला म्हटलं, बघ, झालं ना सगळं नीट? आता कशाला काय सांगायचं? अशी माझी अक्कल.

भाभी जानेवारीत गेल्या. डायलिसिसहून आणताना रिक्षातच. डोकं त्याच्या खांद्यावर होतं.

महिन्याभराने भिकमचंद दुकानात आला. दाढी वाढलेली. स्टुलावर बसला, पिंपळनेरच्या पेटीवरच्या वर्तुळावरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, "निंबा, एकच गोष्ट कळत नाही. जिला गाण्यावाचून घास उतरत नव्हता, तिला शेवटी आवाज का सहन होईना? महासतीजी म्हणाल्या होत्या, सौदा नको. मी केला. माझ्या त्यागात खोट होती, म्हणून तिच्या कानातलं सुख गेलं. मीच घालवलं ते."

ते ऐकून माझं डोकंच फिरलं. हा माणूस आता हेही स्वतःच्या बोडक्यावर घेणार! "खोट कसली आलीय शेठ!" मी ओरडलोच. "त्यांना आवाज चांगला सहन होत होता. तुम्ही उठून जात होता, ते सहन होत नव्हतं. तुम्ही जवळ बसावं म्हणून काढायला लावल्या त्यांनी पेट्या. मला विचारलं होतं, अशी दिसते म्हणून जातात का हे."

त्याचं बोट वर्तुळावर थांबलं.

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही."

"म्हणजे तिला तसंच वाटत राहिलं. जाईपर्यंत."

 तो उठला. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "मी शब्द घेतला, ती माझी चूक. पण तू दोघांचं ऐकलंस निंबा, आणि दोघांना कोरडं ठेवलंस." आणि गेला. सहा महिने त्याने दुकानाची पायरी चढली नाही. मी दोनदा त्याच्या घरापर्यंत जाऊन परत फिरलो. लाज वाटायची. आजही वाटते.

त्या सहा महिन्यांत एक दिवस पेट्या बिघडू नयेत म्हणून मी त्या जोडून बघत होतो. हाताला २००४ची ती कॅसेट लागली. लावली. आणि जे ऐकलं त्याने मी दुकानाचं शटर निम्मं ओढून घेतलं आणि या वयात ढसाढसा रडलो.

ऑगस्टच्या शेवटी त्यांची संवत्सरी आली. त्या दिवशी जैन माणूस वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तोच मागून आवाज आला, "मिच्छामि दुक्कडम्." भिकमचंद हात जोडून उभा होता. माझ्यासमोर! मी त्याचे हात धरले. म्हटलं, "शेठ, उलटं करताय तुम्ही. मी मागायची ती."

"दरवर्षी पहिली क्षमा तिच्याकडे मागायचो," तो म्हणाला. "यंदा सुरुवात कुणापासून करावी कळेना. तिचं शेवटचं मन तुला माहीत होतं, म्हणून तुझ्याकडे आलो."

मी त्याला त्याच दिवशी घरी गाठलं, दोन्ही पेट्या घेऊन. भिंतीवरच्या उजळ चौकोनांसमोर त्या परत बसवल्या. तो म्हणाला, "कशाला आणल्यास? त्याग आहे माझा. तिच्या माघारी मोडणार नाही."

"मोडू नका. गाण्याचा त्याग आहे ना? बोलण्याचा तर नाही? गाणं सुरू व्हायच्या आत मी बंद करतो. बसा."

तो आपल्या खुर्चीत बसला. शेजारी भाभींचा पलंग, चादर अजून तीच. मी बटण दाबलं. जरा खरखर आली आणि मग दोन्ही पेट्यांच्या मधोमध, पलंगाच्याच जागी म्हणा ना, भाभी बोलल्या. वीस वर्षांनी लहान.

"आवाज येतो का निंबाभाऊ? येतो? ... अहो, ओट्यावर काय करताय? आत या ना. इथे बसा माझ्याजवळ. तुम्ही बसल्याशिवाय मी नाही म्हणणार."

मग लांबून तरुण भिकमचंदचा आवाज, "आलो, आलो." खुर्ची सरकल्याचा आवाज. भाभींनी श्वास घेतला, आणि मी टेप थांबवला.

भिकमचंद दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पेट्यांकडे बघत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. मग म्हणाला, "यात गाणं नाही."

"नाही."

"मग परत लाव."

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा खरखर, पुन्हा भाभी. आत या ना. इथे बसा माझ्याजवळ. भिकमचंदने खुर्ची उचलली, पलंगाला अगदी चिकटून ठेवली, आणि टेपमधला भिकमचंद बोलायच्या आधी हाच म्हणाला, "आलो, आलो."